पितरांच्या ताटातला भोपळा

म्हाताऱ्या मधुमेही माणसांना इस्पितळात का आणावं लागतं, हे मला विचारा. मेक्सिकोतल्या त्लाशियाकोत बायकांच्या वॉर्डात बावीस वर्षं नर्स आहे मी. पायाची जखम घरच्यांपासून लपवतात. इन्सुलिन टोचून घेतात आणि जेवायचं विसरतात. शेजारणीचं ऐकून गोळ्या बंद करतात आणि कसला तरी पाला उकळून पितात. बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला.

तीन नोव्हेंबरला सकाळी आम्ही घरात पितरांसाठी मांडलेली वेदी उचलायला घेतली. पितर जेवून गेले की त्यांच्या ताटातलं आपण खायचं, ही आमची रीत. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या फोटोपुढचा, गुळाच्या पाकात शिजवलेला भोपळा आईने वाडगाभर घेतला.

“आई, अगं, साखर बघ तुझी!”

“म्हणूनच इन्सुलिन जास्तीचं टोचलंय. आता खाऊ दे.”

“जास्तीचं? कुणाला विचारून?” माझं डोकंच फिरलं.

“तुझ्या बाबाला शेवटी एक घास गोड खाऊ दिलं नाहीस, ओतिलिया. मला तरी नको छळू.”

ती अख्खा वाडगा संपवेपर्यंत मी समोर उभी राहिले. वर तिने दोन पाव खाल्ले, कपभर गरम चॉकलेट प्यायली. म्हटलं, चला, निदान साखर उतरणार तरी नाही.

“चवच नाही गं,” आई तोंड वाकडं करून म्हणाली. “नुसता चोथा ठेवलाय तुझ्या मेल्या बाबाने.”

अर्ध्या तासात ती घामाने भिजली आणि बरळायला लागली. मीटरवर साखर चौतीस; सत्तरच्या खालीच धोका सुरू होतो. शेजाऱ्याच्या गाडीतून इस्पितळात आणलं. शिरेतून साखरेचं पाणी दिलं, पुन्हा तपासलं. चौतीसच.

“काही खाल्लं नसणार हिने,” डॉक्टर बारागान म्हणाले.

“माझ्या डोळ्यांसमोर खाल्लंय हो!”

“मग मीटर बदला.”

बदलला. दुसरी बाटली लावली, मग तिसरी. आकडा हलेना. डॉक्टर दोनदा सुई तपासून गेले आणि मोठ्या इस्पितळाला फोन लावायला बाहेर धावले.

आई डोळे मिटूनच पलंगाच्या एका कडेला सरकली. सलाईनचा हात तिने मोकळ्या बाजूला पुढे केला.

“घे,” ती पुटपुटली. “उपाशी गेलास रे.”

मोकळ्या बाजूची गादी खाली दबलेली होती. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, मला नीट दिसत होतं.

आईचा श्वास अडखळला. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा संताप आला. बाबांच्या हातातून ताटली ओढून घेताना ओरडायचे, तशीच ओरडले.

“पुरे झालं, बाबा! मारताय का तिला? एवढी भूक असेल तर माझं घ्या!”

गादी हळूहळू वर आली.

आईचं बोट टोचलं. एकशे बारा.

तिने डोळे उघडले, मला पाहिलं. “अशी पांढरीफटक का पडलीस गं?”

 मानेवरून गार घाम ओघळत होता. घाबरल्यामुळे असेल. मला मधुमेह नाही, इन्सुलिन मी कधी घेतलेलं नाही.

तरी मीटरमध्ये नवी पट्टी घातली आणि स्वतःचं बोट टोचलं.

एकतीस.