बेल बिघडली आहे, दार जोरात वाजवा

भुतं रात्रीच दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

हे घडलं मंगळवारी. भर दुपारी. लख्ख उन्हात, माणसांनी गजबजलेल्या रस्त्यावर.

आणि घडलं माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत.

आत्याला खोटं बोलता येत नाही. लहानपणी माझी एक चोरी झाकायला गेली आणि आईसमोर स्वतःच रडायला लागली होती. त्यामुळे खरं मानायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. तिने सांगितलं तसं मी सांगते.

आत्या डोळे तपासते. बावीस वर्षं झाली. चष्म्याचं छोटं दुकान आहे तिचं. पुढे काचेचं कपाट, मागे अंधारी खोली, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. मदतीला कुणी नाही. दुकान घराजवळ हलवल्यापासून तिची गाडी नुसतीच उभी असायची. टपावर पाल्याचा थर साचला होता.

"ही गाडी आहे की कुंडी?" आतोबा रोज विचारायचे.

शेवटी तिने ती विकायला काढली. एजंट नको, भानगड नको. ओळखीतून एक माणूस आला. रंगकामाचे ठेके घ्यायचा. गोड बोलणारा, हसरा. सगळे त्याला ठेकेदारच म्हणायचे.

तो मंगळवारी तीन वाजता दुकानात आला.

"मॅडम, एक चक्कर मारून बघतो."

आत्या उठली, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. चष्म्याची दांडी सैल झाली होती त्याची.

"तुम्ही तुमचं काम करा हो. दहा मिनिटांत आलो. ही माझी स्कूटरची किल्ली ठेवा," ठेकेदार म्हणाला.

आत्याने गाडीची किल्ली दिली. दांडी घट्ट करून दिली. गिऱ्हाईक गेलं. नाव ना गाव, काही विचारलं नाही तिने. एवढ्याशा कामाचे ती पैसेही घेत नाही.

दहा मिनिटं झाली. वीस झाली.

तीन पन्नासला गाडी दारात येऊन थांबली.

ओली होती.

"धुऊन घेतली मॅडम," ठेकेदार हसला. "आता माझीच झाली की."

डावा आरसा मोडला होता. वाटेत खांबाला घासली म्हणाला. चूक माझी, तुम्ही काळजी करू नका म्हणाला. सांगितलेली किंमत त्याने घासाघीस न करता मान्य केली. आत्याला जरा नवल वाटलं, पण बरंही वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा.

"कागद आत्ताच करून टाकू," तो म्हणाला.

शेजारीच झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान कसलं, रस्त्यावर उघडणारी एक खिडकी आणि पुढे फळी. विक्रीचा कागद तिथेच तयार झाला. दोन प्रती. गाडीचा ताबा दिल्याच्या नोंदीपुढे ठेकेदाराने वेळ आवर्जून घालायला लावली. दुपारी साडेचार.

"कायदेशीर असलेलं बरं, मॅडम."

साक्षीदार दोन हवे होते. पहिली सही झेरॉक्सवाल्याने केली. ठेकेदाराने आपली प्रत खिशात घातली.

"दुसरा नसला तरी चालतो," म्हणत तो पैसे द्यायला वळला.

आत्या आपली प्रत आणि पेन हातात घेऊन उभी होती. आतलं मशीन धडधडत होतं. रस्त्यावर हॉर्न वाजत होते.

आणि मग…

सगळं गप्प झालं.

मशीन चालूच होतं. त्याचा हिरवा उजेड सरकताना तिला दिसत होता. पण आवाज येत नव्हता. कानात कापूस कोंबल्यासारखं.

बाजूने एक हात पुढे आला. तिच्या हातातला पेन त्याने अलगद घेतला.

चाळिशीचा माणूस. साधा शर्ट, एका बाजूला धूळ लागलेली. काही न बोलता तो फळीवर वाकला आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी सही करू लागला. सहीनंतर पत्ता. भराभरा, घाईघाईने लिहीत होता.

आत्याला वाटलं, ठेकेदाराच्या ओळखीचा असेल.

लिहिता लिहिता त्याने मान वर केली. ऊन सरळ त्याच्या तोंडावर पडलं.

आता, आत्याचा धंदाच तो. माणूस दिसला की ती आधी डोळे बघते. उजेड पडला की बुबुळातला काळा ठिपका लहान होतो. तुमचा, माझा, मांजराचा, सगळ्यांचा होतो.

त्याचा झाला नाही.

दोन्ही डोळे काळे. पूर्ण उघडे. त्या उन्हातही…

"डोळ्यांत तपासणीचे थेंब घातलेत का तुम्ही?" आत्याने विचारलं. "असे उन्हात फिरू नका. कुणीतरी सोबत असू द्या."

त्याने पेन फळीवर ठेवला.

मशीनचा आवाज परत सुरू झाला.

शनिवारी सकाळी पोलीस घरी आले.

गाडी तुमच्या नावावर आहे ना? मंगळवारी दुपारी तीन वीसला त्या गाडीने एका सायकलवाल्याला उडवलंय. जागेवर आरसा सापडला, लांबून एका दुकानदाराने नंबर पाहिला. माणूस गेला. खिशात काही नाही, फोनचा चुरा झालेला. चार दिवस अनोळखी म्हणून शवागारात पडून आहे.

आत्याने सगळं सांगितलं. तपास अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ठेकेदाराची प्रत पुढे ठेवली; गाडी त्याच्या दारात सापडली, तेव्हाच त्यांनी ती घेतली होती.

"ताबा साडेचारला, मॅडम. तीन वीसला गाडी तुमचीच होती. तो म्हणतो, तुम्हीच कुठूनतरी चालवत आणलीत, ओली होती."

"अहो, तो घेऊन गेला होता!"

"कुणी पाहिलं?"

कुणीच नाही. दांडीवाला कोण, कुठला, माहीत नाही. दुकानात कॅमेरा होता, पण तो नुसता दाखवायला. स्कूटरची किल्ली ठेकेदार केव्हाच घेऊन गेला होता.

आतोबांनी लगेच फोन लावला. ओळखीचे वकील आले. त्यांनी आत्याची प्रत उलटसुलट पाहिली.

"हा दुसरा साक्षीदार कोण? झेरॉक्सवाला गल्ल्याशीच असतो, त्याला काय कळणार. पण हा माणूस बाहेर उभा असेल, तर गाडी कोण घेऊन आलं ते त्याने पाहिलं असेल. ह्याला शोधा."

शोधायचं काय होतं त्यात? पत्ता होता की. नको इतका तपशीलवार. वस्ती, गल्ली, इमारत, आणि शेवटी लिहिलं होतं,

दुसरा मजला. निळं दार. बेल बिघडली आहे. आत मशीन चालू असतं. दार जोरात वाजवा.

साक्षीदार असा पत्ता लिहितो का कधी?

रविवारी सकाळी आत्या एकटीच गेली.

दुसरा मजला. निळं दार. आतून शिलाई मशीनचा खडखडाट. तिने सवयीने बेल दाबली. वाजली नाही.

मग तिने दार जोरात वाजवलं.

मशीन थांबलं.

एका बाईने दार उघडलं. गळ्यात टेप, हातात अर्धवट शिवलेली पिशवी.

"बेल बिघडलीय हो," ती ओशाळून म्हणाली. "नवरा वायरमन आहे. गावभर लोकांच्या बेली लावत फिरतो, आपली तेवढी राहिलीय."

"त्यांनाच भेटायचं होतं."

"बाहेरगावी कामाला गेलेत. मंगळवारपासून. दोन दिवसांचं काम म्हणाले होते, फोनही लागत नाहीये…"

आत्याने कागद दाखवला. बाईने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"त्यांचंच अक्षर. कुठे भेटले तुम्हाला? कधी?"

"मंगळवारी. साडेचार वाजता."

बाईचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे ठीक आहेत ना! मी आपली उगाच जिवाला घोर लावून बसले होते."

मंगळवार… फोन लागत नाही… अनोळखी माणूस… आत्याने कागदाची घडी केली. आपण एकदा पोलिसात जाऊन सांगून येऊ, एवढंच ती म्हणाली. बाईने पिशवी मशीनवर ठेवली, पायात चपला सरकवल्या आणि तशीच निघाली.

अधिकाऱ्यांनी तिला एक फोटो दाखवला.

ती खाली फरशीवर बसली, इतकंच.

बऱ्याच वेळाने अधिकारी आत्याकडे वळले. आवाज बदलला होता त्यांचा.

"तीन पन्नासला रुग्णालयाने ह्याला मृत घोषित केलं. तुम्ही किती वाजता भेटलात म्हणालात?"

आत्या त्या रात्री झोपली नाही. भुताची भीती नंतरची. आधी भीती कायद्याची होती.

"हा कागद म्हणजे फास आहे, वहिनी," वकील म्हणाले. "आता तो पोलिसांच्या हातात आहे."

सोमवारी दोघांना समोरासमोर बसवलं. ठेकेदार आणि त्याचा वकील एका बाजूला. आत्या आणि आपले वकील दुसऱ्या. आतोबा बाहेर बाकावर. झेरॉक्सवाल्याचा जबाब आला होता. गल्ल्यावरून त्याला गिऱ्हाईक दोनच दिसले होते. एक बाई, एक पुरुष. तिसरं कुणी नाही.

"पाच दिवस आम्हाला ह्या माणसाचं नाव सापडलं नाही," अधिकारी म्हणाले. "आणि तुम्ही थेट त्याच्या दारात. पत्ता कसा कळला?"

"त्यांनीच लिहून दिला."

"साडेचारला तो शवागारात होता, मॅडम."

"साहेब, सरळ आहे," ठेकेदाराचा वकील म्हणाला. "धडक दिली, घाबरल्या, पाकीट उचललं. त्यातून पत्ता. वरून ही खोटी सही, माझ्या माणसाला अडकवायला."

आत्या बोलणार काय? तिचं तिलाच खरं वाटेना.

अधिकाऱ्यांनी आत्याचा कागद उचलला. ठेकेदाराने तो तोवर पाहिलेला नव्हता. त्याच्या प्रतीवर एकच साक्षीदार होता.

"वाचून दाखवतो काय लिहिलंय ते. दुसरा मजला. निळं दार…"

ते पान उलटायला थांबले.

"…बेल बिघडली आहे."

आवाज ठेकेदाराचा होता.

"आत मशीन चालू असतं. दार जोरात वाजवा."

खोलीत पंख्याचा आवाजही ऐकू येईना.

त्याचा वकील त्याच्याकडे बघतच राहिला. ठेकेदाराची नजर टेबलाच्या कडेवर होती. ओठ अजून हलत होते. तेच. पुन्हा तेच.

"तुम्हाला कसं माहीत?" अधिकाऱ्यांनी विचारलं. फार हळू.

"तो सांगत होता," ठेकेदार म्हणाला. "मी उतरलो होतो, साहेब. बघायला. शुद्धीवर होता. पाणी मागितलं नाही. दवाखान्यात न्या म्हणाला नाही. नुसता पत्ता सांगत होता. तीनदा सांगितला. घरी कळवा म्हणाला. मी हो म्हणालो… आणि गाडीत बसलो."

मग तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

आत्या सुटली. ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला. अक्षराच्या तज्ज्ञाने सही मेलेल्या माणसाचीच असल्याचं सांगितलं आणि सहीच्या तारखेबद्दल मत द्यायचं टाळलं. अधिकाऱ्यांनी आत्याला बाजूला घेतलं.

"त्याचा कबुलीजबाब मी लिहून घेतलाय. तुमच्या कागदाबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. लिहू तरी काय?"

इथे गोष्ट संपायला हवी होती.

दोन महिन्यांनी ठेकेदार जामिनावर सुटला. एका दुपारी आत्या दुकानात काच घासत बसली होती. फोन वाजला.

"मॅडम, ठेवू नका. एकच विचारायचंय."

आवाज ओळखू येत नव्हता, इतका खोल गेला होता.

"त्या दिवशी खिडकीपाशी… तो कुणाच्या बाजूला उभा होता? तुमच्या की माझ्या?"

आत्याने काच खाली ठेवली.

"सांगा ना, मॅडम. मला दिसत नाही तो. पण…"

पलीकडून श्वास ऐकू येत होता. आत्या शपथेवर सांगते, श्वास दोन माणसांचे होते.

"मी बघितलं नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आयुष्यात पहिल्यांदा ती सफाईने खोटं बोलली.

तिने बघितलं होतं. पेन ठेवून तो माणूस निघून गेला नव्हता. तो ठेकेदाराच्या मागे जाऊन उभा राहिला होता, अगदी अंगाला अंग लावून, हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकेल इतका जवळ. ठेकेदार गाडीकडे चालला तसा तोही पावलाला पाऊल लावून चालला. ठेकेदार चाकामागे बसला. तो मागच्या सीटवर. दार उघडल्याचा आवाज झाला नाही, लावल्याचाही नाही.

पोलिसांना नाही, आतोबांना नाही, त्या बाईला तर नाहीच. हे तिने फक्त मला सांगितलंय.

ठेकेदाराचा फोन परत आला नाही. तो कुठे आहे, कसा आहे, आम्ही चौकशी केलेली नाही.

आत्या मधूनच विचारते, "मी सांगायला हवं होतं का गं त्याला?"