सर अजून उत्तरं देतात

“माझे मिस्टर गणपतीत गेले,” सुचित्रा म्हणाली, “आणि काल दुपारी त्यांनी गणित सोडवून दिलं.”

वाशीच्या त्या खोलीवजा ऑफिसात बाबासोने हळूच खुर्ची मागे घेतली. साताऱ्याकडचा हा निवृत्त हवालदार म्हणजे खाजगी तपासनीस गीतांजली धामणकरचा एकुलता एक मदतनीस. दरोडेखोरांना न भ्यालेला गडी भुताच्या नावाने मात्र गळाठायचा.

“सुरुवातीपासून सांगा,” गीतांजली म्हणाली.

सुचित्राचे मिस्टर, गंगाराम सर, नेरूळला राहत. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी घरच्या कॉम्प्युटरला फोन आणि मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून दोन कॉम्प्युटर जोडणारी पेटी, जोडून ‘पाटी’ सुरू केली होती. मुलं आपापल्या जागच्या कॉम्प्युटरवरून फोन जोडत, अडलेलं लिहीत, दुसऱ्याचं सोडवून देत. बावीस जण, बहुतेकांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती. सर दवाखान्यातही वहीत पुढची गणितं सोडवत, प्रोग्रॅम लिहीत बसत. ती वही नंतर कुठे गेली कळलं नाही. आणि दिवाळीनंतर पाटीवर सरांच्या नावाने उत्तरं येऊ लागली. सुरुवात त्यांच्या नेहमीच्या शब्दांनी: ‘मी आहे ना.’

“आता जो तो दुसऱ्यावर संशय घेतो. नऊच उरलेत, आणि मार्चमध्ये परीक्षा. कुणी थट्टा करत असेल तर रविवारी मी ते यंत्र बंद करणार. पण ते खरंच असतील, तर कसं बंद करू?”

नेरूळच्या फ्लॅटमध्ये सरांची खुर्ची तशीच होती, पाठीवर त्यांचा स्वेटर. एकाएकी फोन वाजला, मोडेमने किंकाळी फोडली आणि रिकाम्या खुर्चीसमोर पडद्यावर अक्षरं सरकू लागली. बाबासोने मारुतीचं नाव घेतलं.

“कुणीतरी मुलगा वाचतोय,” सुचित्रा म्हणाली.

आलेल्या प्रत्येक फोनची वेळ यंत्र टिपून ठेवी. गीतांजलीने ती नोंद चाळली. ज्या ज्या दुपारी सरांची उत्तरं आली, त्या वेळी एकही फोन नव्हता.

“बगा! फोनबिगर येतंय. मानसाला जमंल का ह्ये?” बाबासो कुजबुजला.

“माणसालाच जमेल. याच खुर्चीत बसून. इथे बसलं की पासवर्ड लागतो?”

“नाही,” सुचित्रा म्हणाली. “पण दुपारी मी ऑफिसात असते. सासरे झोपलेले असतात. किल्ल्या पाटीवरच्या प्रसादकडे आणि सुनयनाकडे आहेत.”

प्रसाद बँकेत होता. यंत्राची देखभाल तोच करी.

“मी कशाला करू? उलट माझंच डोकं फिरलंय, मॅडम. सरांच्या नावाने आलेला एक प्रोग्रॅम फोनवरून उतरवून घेतला, तर चालेना. समोर ठेवून स्वतः टाइप केला, अक्षर न् अक्षर तेच, तर लगेच चालला! काय समजायचं?” तो हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. “सुनयनाला विचारा. सरांची लाडकी.”

सुनयना शिरवणे गावातली. सरांची पुस्तकं नेता-आणता यावीत म्हणून तिच्याकडे किल्ली होती.

“मी नाय लिवलं. प्रसादच आसंल, यंत्र त्याच्याच हातान हाय.” मग ती खाली बघत म्हणाली, “पन मॅडम, शेवटची पायरी कोरी ठेवलेली हाय. पोरांनी सोडवावी म्हनून सर ठेवायचे तशीच. ती दुसऱ्या कुनाला सुचंल?”

सासरे शिवराम आतल्या खोलीत सोसायटीचा अर्ज टाइप करत होते. कोर्टाबाहेर चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

“आमचं यंत्र हे,” ते म्हणाले. “बाहेरच्या डबड्याला मी हात लावत नाही. झटका बसायचा.”

गीतांजलीने जुन्या इंग्रजी टाइपरायटरच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि लहान मुलीसारखं मोजलं, “दोन, तीन, चार... छान ठेवलंय हो, आप्पा.”

रविवारी दुपारी सगळे त्या खुर्चीभोवती जमले.

“प्रसाद, तो न चाललेला प्रोग्रॅम काढ. आणि यंत्राला त्यातला एक हा आकडा शोधायला सांग.”

पडद्यावर जागोजागी एकचे आकडे दिसत होते. यंत्राने उत्तर दिलं: सापडला नाही.

बाबासो दाराकडे सरकला.

“घाबरू नका. ते एक नाहीतच,” गीतांजली म्हणाली. “इंग्रजीतलं छोटं एल आहे. जुन्या टाइपरायटरला एकची कळच नसते, ओळ दोनपासून सुरू होते. टायपिस्ट एकच्या जागी एल दाबतात. माणसाच्या डोळ्याला ते चालतं, कॉम्प्युटरला चालत नाही. प्रसादने स्वतः टाइप करताना खरा एक दाबला, म्हणून त्याचा चालला. प्रसाद, सुनयना रोज कॉम्प्युटरवर लिहितात, त्यांच्या हातून हे होणार नाही. पण चाळीस वर्षांची बोटं सवय सोडत नाहीत. गणित मात्र सरांचंच आहे, कोऱ्या पायरीसकट. आप्पा, दवाखान्यातली वही तुमच्याकडे आहे ना?”

शिवरामनी उशीखालून वही आणली.

“आधी दिवसाला वीस फोन यायचे,” ते म्हणाले. “मग चारावर आले. फोन वाजला की वाटायचं, गंगा बाहेरच्या खोलीत बसलाय. फोनच थांबला असता तर मी काय ऐकत बसलो असतो?”

“मला सांगायचंत ना, आप्पा!” सुचित्राला रडू आवरेना.

“कसं सांगू? ते उत्तर वाचलं की तू दोन घास जास्त जेवायचीस.”

प्रसादने सुनयनाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“उत्तरं खरी होती, नाव खोटं होतं,” गीतांजली हळूच म्हणाली. “त्यानेच मुलं एकमेकांना चोर समजायला लागली. आता तुमच्या नावाने लिहा.”

म्हातारे आप्पा पहिल्यांदाच सगळ्यांदेखत त्या खुर्चीत बसले. सुनयनाने एकची कळ दाखवली. त्यांनी लिहिलं: ‘मी शिवराम, सरांचा बाप. उत्तरं मीच वहीतून उतरवत होतो. तुम्हाला फसवलं. वहीची दोनच पानं उरलीत. पुढचं मला येत नाही. पाटी बंद करू का?’

मग सगळे थांबले. चार वाजले, पाच वाजले. सुचित्राने दोनदा यंत्र बंद करायच्या बटणाकडे पाहिलं. बाबासोने भुताऐवजी आता फोनसाठी मारुतीला साकडं घातलं.

साडेपाचला फोन वाजला. मोडेम किंचाळला. पाटीवर शिकणाऱ्या कामोठ्याच्या जोतीरामचा निरोप होता. त्याला या घरात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

‘आप्पा, मी आहे ना. पुढचं धडपडून मी सोडवतो. चुकलं तर बाकीचे सांगतील. तुम्हीही शिका आमच्याबरोबर.’

शिवरामनी ते तीनदा वाचलं. सुचित्राने खुर्चीवरचा स्वेटर काढला आणि त्यांच्या खांद्यावर घातला.