डावा कौल

आंबेरखोलच्या गावपळणीला यंदा जेमतेम चाळीस माणसे निघाली. दर तीन वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळा गाव गुराकोंबड्यांसह तीन दिवस वेशीबाहेर राहायचा, असा जुना रिवाज. पण जिल्ह्याच्या इस्पितळात भयशमन सुरू झाल्यापासून बाकीचे खुशाल घरात बसले.

भयशमनाची कल्पना सोपी होती. आपण पाळतो त्या प्रत्येक नियमाच्या मेंदूत दोन खुणा असतात, एक धाकाची आणि दुसरी मनापासून पटल्याची. यंत्र फक्त पहिली पुसते. मग नुसत्या धाकावर उभे असलेले नियम गळून पडतात, आणि उरतात ते माणसाचे स्वतःचे.

तारामती घाडींनी ते करून घेतले ते लेकीसाठी. पूर्वाने परजातीतला मुलगा निवडला तेव्हा देवाला कौल लावला, आणि मूर्तीला लावलेल्या दोन कळ्यांतली डावी पडली. डावी म्हणजे नकार. तारामतींनी लेकीला दार बंद केले, त्याला आता अकरा वर्षे झाली. येत्या शनिवारी पूर्वा दक्षिण ध्रुवावरच्या वसाहतीत कायमची जाणार होती.

भयशमनानंतर तिसऱ्या दिवशी तारामती इस्पितळात डॉ. शर्वाणी केळुसकरांपुढे येऊन बसल्या. यंत्र बिघडलेले असणार, लेकीला फोन करायला हात काही पुढे होत नाही, असे त्यांचे म्हणणे. डॉक्टरांनी पुन्हा तपासणी लावली. ती चालू असताना तारामती जुन्या गावपळणीच्याच गोष्टी सांगत राहिल्या. झावळ्यांची खोपटी, तीन दगडांची चूल, कोंबड्यांमागे धावणारी सहा वर्षांची पूर्वा. गाव रिकामा, मग देवाला जेवायला कोण घालणार, म्हणून तिने आपल्या वाट्याचा भात पानात बांधून ठेवला होता. फार गोड दिवस होते ते. 

"मावशी, धाकाची खूण पार पुसली गेलीय," डॉक्टर पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "दुसरी, मनापासून पटल्याची, मात्र तशीच आहे."

"म्हंजे?"

"दार देवाने नव्हतं लावलं. शनिवारला अजून दोन दिवस आहेत. फोन आजही करता येईल."

 देवाच्या भीतीने आपली लेक गेली, असे म्हणत तारामती अकरा वर्षे रडल्या होत्या, आणि त्या रडण्याचा त्यांना मोठा आधार होता. निघताना दारापाशी थांबून त्यांनी हळूच विचारले,

"बाय, ती भीती परत घालूक येता काय?"