न उघडलेलं फोल्डर

तो आला तो हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून.

"माणसांचा दवाखाना पलीकडच्या गल्लीत," मी म्हणाले.

"पण हिचीच नाडी लागत नाहीये… चुकून फॉरमॅट केली. वाचेल?"

"बसा. सहा तास लागतील."

भूगोलाचा शिक्षक. माझ्या काउंटरवरच पेपर तपासू लागला. लाल पेन मध्येच थांबायचं, नजर वर यायची… मी घाईने स्क्रीनकडे बघायचे. शाळेची वेळ झाली तसा उठला. "उद्या येतो, डॉक्टर."

दुकानात मी दोन फुकटची सॉफ्टवेअर वापरते. एक पुसलेलं परत आणतं. दुसरं डिस्कभर शून्यं लिहून ते कायमचं घालवतं. पहिल्याने सगळं आणलं. अशा फायलींची नावं उडालेली असतात, नुसते आकडे. फोटोंचं फोल्डर उघडलं. दोनशे फोटो – तो, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलेली मुलगी. शेजारचं आवाजांचं फोल्डर उघडलंच नाही.

मिळालेल्या फायलींना आणि डिस्कला, दोन्हींना दुसरं सॉफ्टवेअर लावलं.

"काही मिळालं नाही, मास्तर."

"राहू दे तुमच्याकडेच. कधी नवं औषध निघालं तर…"

पुढे तो माउस घेऊन आला. मग चार्जर. मग हात हलवत.

"आज काय बिघडलंय?"

"काहीच नाही. तीच तर तक्रार आहे."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. एका संध्याकाळी काउंटरवरच त्याने माझ्या हातावर हात ठेवला. "आईला सांगितलंय, लग्न करीन तर डॉक्टरशीच."

मी हसले. तोही.

"त्या डिस्कवर मोडलेल्या साखरपुड्याचे फोटो होते. गेले ते बरंच झालं. फक्त… बाबांचा आवाज होता. आजारपणात रेकॉर्ड केलेला. आई अजून विचारते."

गप्प बसता आलं असतं.

"मिळालं होतं," मी म्हणाले. "फोटो बघितले, आणि… सगळं पुसलं. मीच."

हात तसाच राहिला. मग उचलला गेला.

"दुसरीकडे कुठे? एखाद्या मोठ्या लॅबमध्ये?"

"नाही. मी पुसलेलं कुणालाच मिळत नाही."

मी ड्रॉवरमधून डिस्क काढली. त्याने रुमाल सोडवला, घडी घातली, खिशात ठेवला. डिस्क माझ्याकडे सरकवली.

"ठेवा, मॅडम. कोरी आहे, तुमच्या कामाला येईल."