बाजू एक, बाजू चार

बाजू १

"प्लेट उचला!"

मी भर रस्त्यात ओरडले. सीताबर्डीचा रविवारचा बाजार – जुनी पुस्तकं, जुने चार्जर, एकेकटे बूट – आणि तर्रीपोह्याच्या गाडीशी उभा असलेला हा माणूस. चेक्सचा शर्ट, हिंगण्याच्या कुठल्याशा कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात. हातात पोह्यांची प्लेट. आणि प्लेटखाली, ट्रेसारखी धरलेली... तबकडी. मोठी, काळी, कव्हर नसलेली.

"काहून?" तो म्हणाला. "खाऊन राहिलो ना मी."

"खाली काय धरलंय, माहीत आहे?"

"तवा."

"ती एलपी आहे!"

"तेच ना. आमच्याकडे तवाच म्हणतात." त्यानं प्लेट उचलली. तबकडीवर तर्रीचा लाल थेंब. तो पुसायला त्यानं बाही पुढे केली आणि मी दुसऱ्यांदा ओरडले.

शेजारचे काका चमचा तोंडात धरून बघत राहिले.

मी माझ्या ओढणीच्या मऊ टोकानं थेंब टिपला. मग माझ्या पिशवीतली तबकडी काढून दाखवली – तेच लेबल, तोच हिरवा रंग. "ही जोडी आहे. कबाडीवाल्यानं फोडली. अर्धी मी घेतली, अर्धी तुम्ही. माझ्यावर बाजू एक आणि चार. तुमच्यावर दोन आणि तीन."

"एकच्या मागे चार?" त्यानं दोन्ही लेबलं वाचली. "छापणाऱ्याचं गणित कच्चं दिसते."

"कारखान्यात चूक झाली असेल," मी म्हणाले. अगदी खात्रीनं म्हणाले. "मी मुलांना पियानो शिकवते. या संगीतकाराचं ऑर्केस्ट्रावर बांधलेलं काही कधी हाती लागलं नव्हतं. मला द्या ना ती."

"नाही जमत. माझ्या मोठेबाबासाठी घेतली. काटोलले राहतात."

"ते काय ऐकतात?"

"काही बी. फिरली पाहिजे फक्त." तो हसला. डाव्या गालावर पोह्याचा एक दाणा होता, तोही हसला. "पण तुम्ही 'ऐकवा' म्हणाल तर... पुढच्या रविवारी घेऊन येतो."

"मी कुठं म्हटलं ऐकवा?"

"म्हणाल आता."

मी म्हटलं.

बाजू ४ (घाईने)

माझ्याजवळ एवढीच तबकडी. एक संपली की उलटवायची, आणि एकदम चार. म्हणून शेवट मला आधीच ऐकू येतो – एक काळा गोल दुसऱ्या काळ्या गोलावर पडतो. थप्प. कुणीतरी हसतं. ती मी असते.

मधलं सगळं त्याच्याकडे आहे.

बाजू २

तो खरंच आला. पियुष. तबकडी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.

आईनं त्याच्याकडे बघितलं, अभ्र्याकडे बघितलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाली, "चिन्मयी, अभ्र्याचे टाके चांगले आहेत हं."

माझी बाजू एक जिथं संपते तिथं एक धून अर्धवट तुटते. क्लॅरिनेट वर चढत जाते, चढत जाते – आणि नुसती खरखर. आठवडाभर मी त्या टोकावर येऊन थांबत होते. मी माझी तबकडी उचलली, त्याची ठेवली, सुई टेकवली. आणि क्लॅरिनेट त्याच पायरीवरून पुढे निघाली. मागून ढोल, मग पितळी वाद्यं, मग सगळेच.

मध्येच एक बारीकसं 'टक'. तर्रीचा थेंब.

"सॉरी," पियुष पुटपुटला. पण त्याची बोटं गुडघ्यावर वाजत होती. "अरे बाप्पा... हे तर आपलं संदल होय!"

संदल म्हणजे आमच्या नागपुरात वरातीपुढे वाजतात ते ढोल-ताशे. मी हसले. मग पुन्हा ऐकलं आणि हसायची थांबले. तोच झोका. एक पाऊल पुढं टाकता टाकता मुद्दाम जरासं अडखळणारा.

मी त्याला सांगितलं – हा संगीतकार अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा. घरात गुलाम बाया होत्या, बेटांवरून आलेलं आजोळ होतं, त्यांची गाणी लहानपणी कानावर पडली. मोठेपणी त्यानं ती पियानोवर आणली. पुढे दुसऱ्या लोकांनी अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी मांडली. नाव लुई. आडनाव पियुषच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यानं त्याला लुईभाऊ करून टाकलं.

"आणि त्या बायांची नावं?" त्यानं विचारलं. "लेबलवर कुठं हायेत?"

"नाहीत."

"आभार तरी मानाले पाहिजे होते राव."

मग आम्ही मानले. प्लेयरसमोर बसून, दोघांनी, हात जोडून. आई चहा घेऊन आली, तिनं बघितलं आणि काही न विचारता तिनंही जोडले.

रविवार येत राहिले. तो काटोलची संत्री आणायचा. साल माझ्या नाकासमोर दाबायचा, बारीक फवारा उडायचा, मी डोळे मिटायची... उघडायची तेव्हा तो अजून बघतच असायचा. कोणत्या रविवारी 'तुम्ही' गळून पडलं, आठवत नाही.

"तबकडीवर तबकडी ठेवू नकोस. मध्ये कागद हवा. घासतात."

"ठेवतो ना कागद, मास्तरीणबाई. तू म्हणशील तिथं कागद ठेवतो."

खरं तर मोबाइलवर दोन्ही तबकड्या एका दुपारी उतरवून झाल्या असत्या. तसंच ठरलं होतं. पण दर वेळी त्याची वायर घरी राहायची. एकदा ती त्याच्या खिशातून डोकावत होती. मी पाहिली. मी पाहिली हे त्यानं पाहिलं.

"वायर विसरलो वं," तो म्हणाला.

"हो ना," मी म्हणाले.

बाजू ३

"कंपनी मले पुण्याले पाठवून राहिली."

संत्र्याची फोड माझ्या हातातच राहिली.

"कधी?"

"महिना संपला की." त्यानं अभ्रा माझ्या मांडीवर ठेवला. "ही तुझ्याजवळ राहू दे. सेट पूर्ण होईन."

किती साधं वाक्य. पहिल्या दिवशी मी हेच मागितलं होतं. आणि आता – पूर्ण झाला की रविवार संपले. मला म्हणायचं होतं... नको, मला अर्धाच हवा. अर्ध्यासाठी तू येतोस.

म्हणाले भलतंच. "मोठेबाबांसाठी घेतली होतीस ना? त्यांना आवडली?"

"त्यायले ऐकवलीच नाही अजून."

"का?"

"रविवारी सुट्टी असते," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "अन् रविवारी मी इकडं असतो."

खिडकीबाहेर भाजीवाला ओरडत गेला. मी अभ्रा त्याच्या हातात परत दिला.

"मग आधी तिकडं लावू. माझीपण आणते."

बाजू ४ (आता)

काटोलच्या बसमध्ये मी दोन्ही तबकड्या मांडीवर घेऊन बसले होते. मध्ये कागद. पियुष उभा होता, जागा असून.

पियुषच्या वडिलांचे थोरले भाऊ रुपराव, म्हणजे मोठेबाबा, अंगणात संत्री निवडत बसले होते. हात धुऊन त्यांनी खोलीतल्या पेटीवरची चादर काढली. रेल्वेच्या जुन्या क्लबानं टाकून दिलेली ती तबकड्या वाजवायची पेटी, मधोमध एक उंच खुंटी. त्यांनी माझी तबकडी खुंटीत ओवली. मधला कागद बाजूला टाकला. तिच्यावर पियुषची ओवली.

मी तिसऱ्यांदा ओरडले. "एकावर एक? घासतील!"

"पोरी, ही पेटी असीच हाय," मोठेबाबा म्हणाले. "एक वाजून झाली का दुसरी आपसूक तिच्यावर येते. मग दोन्ही संगंच उलटवाच्या. जोडीच्या तव्याइसाठी मधात उठाले लागत नाही."

माझ्या डोक्यात काहीतरी सरकलं. एक, मग वरून दोन. दोन्ही उलटवल्या की आधी तीन, मग वरून चार. म्हणून एकच्या मागे चार! कारखान्याची चूक नव्हतीच. या तबकड्या एकमेकींवर पडण्यासाठीच बनल्या होत्या, आणि मी इतके रविवार त्यांच्यामध्ये कागद घालत होते.

"घासतीन थोड्या," पियुष माझ्याजवळ येऊन म्हणाला. "त्याच्याशिवाय पुढचं लागत नाही ना वं."

मोठेबाबांनी कळ दाबली आणि ते परत अंगणात संत्र्यांकडे गेले. माझी तबकडी खाली आली आणि फिरू लागली. त्याची वर, खुंटीवर, थांबलेली. क्लॅरिनेट चढत गेली... चढत गेली... तुटली. दांडी उचलली गेली. पेटीत काहीतरी करकरलं. दुसरी पडेपर्यंत तेवढीच सवड होती.

"पुण्यात पियानो शिकवणाऱ्या बाया खूप असतील का रे?"

"असतीन ना."

"अजून एक खपेल?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या – तर्रीपेक्षा लाल. "एक नाही खपणार," तो म्हणाला. आवाज जरासा अडखळला, मुद्दाम नाही. "जोडी असन तर... पाहू."

"म्हण ना नीट."

"आवडतेस तू मले. त्या प्लेटपासून. वायर दर रविवारी माझ्या खिशातच होती."

"माहीत आहे."

थप्प.

मी हसले. त्याची तबकडी माझ्या तबकडीवर पडली होती, किंचित घसरली, मग माझ्यासोबत फिरायला लागली. आणि क्लॅरिनेट होती त्याच पायरीवरून...

आभार – जोडी फोडणाऱ्या कबाडीवाल्याचे. पोहे आणि तर्रीचे. लेबलवर नसलेल्या त्या बायांचे, ज्यांनी कुठल्याशा दूरच्या घरात एका पोरासाठी गाणं म्हटलं आणि ते इतकी वळणं घेत काटोलच्या या खोलीपर्यंत आलं. लुईभाऊंचे. आईचे, कारण तिनं फक्त टाके पाहिले.

टक. थेंबाची जागा आली. पियुषनं हात जोडले, आणि त्या जोडलेल्या हातांतच माझा हात धरला.

बाजू दोन संपली. मोठेबाबा अंगणातून संत्र्यांच्या ढिगाआडून ओरडले, "उलटवा गा आता! दोन्ही संगंच! सोडवू नका!"

आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरल्या, आणि सोडवल्या नाहीत.