एकोणीस वर्षांपूर्वीचं पाणी

धक्क्यावरच्या भरती-चौकीचा कारकून म्हणजे जावईबापू. नोकरी सासऱ्यांच्या जागेवर लागलेली, म्हणून हे नाव. काम एकच: दिवसातून दोनदा साठ पायऱ्या उतरायच्या, पाण्यातल्या मोजपट्टीवरचा आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा.

बापू माणूस सज्जन, पण गुडघे आळशी. शिवाय त्याला एक गोष्ट ठाऊक होती. दर एकोणीस वर्षांनी चंद्र त्याच तारखेला त्याच जागी येतो, म्हणजे भरतीही तीच. मग उतरायचं कशाला? सासऱ्यांची एकोणीस वर्षांपूर्वीची वही उघडायची, चहा घ्यायचा आणि आकडे उतरवायचे. बारा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. ओहोटीला खाली पाण्यात एक गंजका नळ उभा दिसे, तेवढाच काय तो त्याचा समुद्राशी संबंध.

एका सकाळी तपासनीसबाई आल्या.

"चाळीस वर्षांत सगळा किनारा वीतभर बुडाला," त्या म्हणाल्या. "तुमचाच समुद्र जागचा हललेला नाही. असं कसं?"

नोकरी गेली, आता घरी काय तोंड दाखवायचं, असं मनात म्हणत बापू बाईंमागून पायऱ्या उतरला. बाईंनी पट्टी पाहिली, वही पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. एक मीटर बेचाळीस. वहीतही बेचाळीसच.

"बरोबर आहे," बाई पडेल आवाजात म्हणाल्या, आणि नव्याजुन्या सगळ्या वह्या घेऊन मुख्य कचेरीत गेल्या.

बापू तरंगतच घरी आला. बायकोला सगळं रंगवून सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र गेलं.

"सगळ्या वह्या दिल्यात? मग उद्या काय लिहिणार?"

"बघून लिहीन. एवढं काय त्यात?"

"बघून?" ती म्हणाली. "बाबांनी कधीच बघून लिहिलं नाही. ते आधी लिहायचे."

सासरेही आळशी होते हे ऐकून बापूला फार बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी तो कोरी वही घेऊन खाली गेला. भरतीची वेळ होऊन तास झाला होता. पाणी चढत नव्हतं, उतरत नव्हतं. एक लाट नाही. होड्या भिंतीवर टांगल्यासारख्या स्तब्ध.

बापूने घाबरून अंदाजाने लिहिलं: एक मीटर चाळीस.

पाणी हललं. चाळीसवर आलं.

थांबलं.

तो वर पळायला वळला. मागे पायऱ्यांवर बायको उभी होती.

"संध्याकाळचाही आत्ताच लिहून टाका," ती म्हणाली. "बाबांना एका दुपारी लिहायच्या आधीच डोळा लागला होता. पाण्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग ते आपलं आपणच चढलं. नंतर कितीही कमी लिहिलं तरी तेवढं पाणी मागे गेलं नाही."

"कुठलं पाणी?"

"तो नळ दिसतो ना तुम्हाला ओहोटीला?" ती म्हणाली. "आमच्या अंगणातला आहे."