एकास बारा

बाहुलीघर दादाच्या गाडीतून उतरलं तेव्हा ते जुन्या चादरीत गुंडाळलेलं होतं आणि चिमणी त्या गाठोड्याला बिलगून बसली होती. शाळेला नुकतीच सुट्टी लागली होती. दादाने लेकीची बॅग दारात ठेवली, उभ्याउभ्याच चहा घेतला आणि बहिणीला बाजूला बोलावून म्हणाला, "सुट्टीभर बघू. रमली तर तुझ्याकडेच ठेव. नाहीतर वसतिगृहाचं बोलून ठेवलंय मी."

"वसतिगृह? अरे, सात वर्षांची पोर ती!"

"मग काय करू? माझं काम हे असं फिरतीचं. तिची आई असती तर गोष्ट वेगळी होती."  वहिनी जाऊन वर्ष होत आलं होतं, पण तो अजून तिचं नाव घेत नसे.

आत्या एकटी राहायची. ही पोर आपल्याकडे राहावी, इथल्या शाळेत जावी, इथेच मोठी व्हावी, हे तिला इतकं मनापासून हवं होतं की बोलून दाखवायचीही भीती वाटे. आणि चिमणी तर तोंडातून शब्द काढत नव्हती. जेवायची दोन घास, मग खिडकीशी बसायची. तिला खुलवायचं तर एकच मार्ग होता, तो म्हणजे ते चादरीतलं घर. आईच्या लहानपणीचं ते घर ती कुणाला हात लावू देत नसे. पण आत्या म्हणाली, "मी दुरुस्त करून देते, अगदी नवं," तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली.

आता हे काम आत्याच्या हातचा मळ. वास्तुविशारदाच्या ऑफिसात ती इमारतींच्या प्रतिकृती बनवायची. पुठ्ठ्याचे बंगले, लाकडी पट्ट्यांचे पूल, काड्यापेटीएवढ्या बसगाड्या. अख्खी वसाहत टेबलावर उभी करणाऱ्या बाईला बाहुलीच्या चार खोल्यांचं काय?

घराची दशा मात्र वाईट होती. ओल धरून भिंती फुगल्या होत्या, छत एका बाजूने खचलं होतं, समोरचा दर्शनी भाग दरवाजासारखा उघडायचा त्याची बिजागरी गंजून लाल झाली होती. आतलं सामान तेवढं शाबूत होतं. त्यात एक निळा लाकडी पलंग होता. त्याच्या उशाच्या फळीवर दातांच्या खुणा होत्या, खोल आणि जुन्या, काळ्या पडलेल्या.

"हे कुणी चावलं?" आत्याने विचारलं.

"आईने," चिमणी म्हणाली. "लहानपणी. राग आला की चावायची."

आत्याला हसू आलं. वहिनीचा राग तिच्या चांगल्या ओळखीचा होता. दोघींचं भांडण असं कधी झालं नाही, पण पटलंही नाही. वहिनीला दुसऱ्याच्या घरातली मांडणी बदलायची खोड होती. दोन दिवसांसाठी आली की आत्याचे डबे डावीकडून उजवीकडे जात, खुर्च्या तोंडं फिरवून बसत, पलंगाची उशी खिडकीकडे होई. "असं बरं वाटतं ना आता?" असं वर विचारायची. आत्या हो म्हणायची, आणि वहिनीची गाडी कोपऱ्यावर वळली की सगळं पुन्हा जागच्या जागी लावायची.

तर आत्याने काम सुरू केलं. भिंती सोलल्या, छताला आधार दिला, चिमणीला विचारून पिवळा कागद निवडला. मग खोल्यांचा आराखडा काढला. खाली डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे बैठक. वर एक खोली चिमणीची, तिला अभ्यासाचं टेबल. आणि दुसरी, मोठी खोली आत्याची, तिच्यात नवी बनवलेली चिमुकली खाट. ती खोली आधी वहिनीच्या निळ्या पलंगाची होती, हे आत्याच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं, आणि तिने पलंग आणि तो विचार दोन्ही बाजूला सारले. राहणाऱ्यांसाठीच घर आखायचं असतं, असं तिने स्वतःला समजावलं.

या धंद्यात सामान लगेच चिकटवत नाहीत. आधी मेणाचा बारीकसा ठिपका लावून नुसतं उभं करायचं, चार दिवस नजरेखालून घालायचं, सरकवायचं, आणि पटलं की मगच पक्कं करायचं. आत्याने तसंच केलं. सकाळी उठून पाहते तर स्वयंपाकघर उजवीकडे.

ओटा, फडताळ, बोटभर उंचीची भांडी, सगळं नीट उचलून उजव्या खोलीत मांडलेलं. वर निळा पलंग मोठ्या खोलीत परत आलेला, उशी खिडकीकडे.

"चिमणे, खेळायला घेतलं होतंस का गं?"

"नाही."

"अगं, घेतलंस तरी चालेल. फक्त सांगत जा."

"मी नाही घेतलं, आत्या."

आत्याने पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग रोज तेच. पहिल्यांदा गंमत वाटली, मग कंटाळा आला, मग तिचं पित्त खवळायला लागलं. ऑफिसातून दमून यायचं, चिमट्याने एकेक ताटली जागेवर ठेवायची, आणि उठल्यावर सगळं मुसळ केरात! एकदा तर तिचा आवाज चढलाच. "खोटं बोललेलं मला चालत नाही हं!" चिमणीचे डोळे भरले. ती जेवली नाही, आणि जे काही थोडंफार बोलू लागली होती तेही बंद झालं. त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला.

"कशी आहे?"

"बरी आहे."

"रमतेय?"

आत्याने चिमणीच्या न जेवलेल्या ताटाकडे पाहिलं.

"जमत नसेल तर राहू दे गं. मी वसतिगृहात कळवतो."

"सुट्टी संपली का? नाही ना? मग कळवू नकोस," असं म्हणून तिने फोन ठेवला. चरफडली, स्वतःवर, दादावर, त्या टीचभर घरावर.

दुसऱ्या दिवशी तिने बाहुलीघर आपल्या कामाच्या खोलीत नेलं, खोलीला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली. चिमणीला शेजारच्या आजींकडे सोडलं आणि ऑफिसला गेली. भर दुपारी परत आली, कुलूप काढलं.

खोलीत गुलाबाच्या क्रीमचा वास होता. वहिनी हातांना लावायची, तोच. मंद, गोडसर, नुकतंच कुणी हात चोळत बाहेर गेल्यासारखा.

स्वयंपाकघर उजवीकडे होतं. पलंग मोठ्या खोलीत होता. आणि आत्याने स्वतःसाठी बनवलेली चिमुकली खाट, तिची मेहनतीची खाट, घराबाहेर टेबलाच्या कडेला ठेवलेली होती. टाकलेली नाही, हं. ठेवलेली. व्यवस्थित.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही, मानेवरून काहीतरी थंडगार सरकलं. पण त्याहून मोठा होता तो संताप. जिवंतपणी हिने माझं घर लावू दिलं नाही, आणि आता...

"बरं," ती मोठ्याने म्हणाली. "बघतेच मी."

तिने मेण खरवडून टाकलं आणि ऑफिसातला पक्का गोंद काढला. एकदा बसला की लाकूड फुटेल, पण जोड सुटायचा नाही, असा गोंद. तिने ओटा चिकटवला, डावीकडे. फडताळ चिकटवलं. भांडी, खुर्च्या, दिवा, पायपुसणंसुद्धा. स्वतःची खाट मोठ्या खोलीत चिकटवली. निळा पलंग उचलून बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकला, झाकण दाबलं आणि डबा कपाटावर ठेवला. एक ठिपका इकडचा तिकडे झाला नाही.

"हलव आता. हलव बघू!"

दारात चिमणी उभी होती. आजींनी कधी आणून सोडलं, कळलंच नाही.

"आत्या... आईचा पलंग?"

"ठेवलाय डब्यात."

"मग आई कुठे झोपणार?"

आत्याला तो प्रश्न ऐकायचाच नव्हता. गोंदाच्या वासाने डोकं ठणकत होतं. "झोपेल कुठेही!" ती वसकन म्हणाली. "एवढं मोठं घर पडलंय, जागेला काय तोटा आहे?"

 चिमणीने मान हलवली, मोठ्या माणसाचा निरोप नीट लक्षात ठेवल्यासारखी, आणि निघून गेली.

त्यानंतर बाहुलीघरात काहीही हललं नाही. आत्या रोज दर्शनी भाग उघडून बघायची. ओटा डावीकडे, खाट मोठ्या खोलीत. जिंकले, असं वाटायचं तिला. आणि चिमणी? चिमणी खुलली! पोटभर जेवू लागली, अंघोळ करताना गुणगुणू लागली, दुपारी आपल्या खोलीत दार लावून खेळत बसू लागली. आतून बोलण्याचा आवाज यायचा. लहान मुलं एकटी बोलतातच.

एके सकाळी साखरेचा डबा सापडेना. आत्याने डावीकडची सगळी फळी उपसली. डबा उजवीकडे होता. मीठही उजवीकडे. आपणच ठेवले असतील, कामाच्या गडबडीत भान राहत नाही, असं म्हणून तिने ते परत जागेवर लावले. दुसऱ्या दिवशी सगळेच डबे उजवीकडे होते. खुर्च्या भिंतीकडे तोंड करून होत्या. ती हाशहुश करत लावत राहिली, रोज, ओठ घट्ट मिटून, आणि चिमणीला एका शब्दानेही काही विचारलं नाही. विचारायची हिंमतच होईना.

मग एकदा ती जागी झाली तर खिडकीतलं ऊन थेट डोळ्यांवर. तिच्या पलंगाची उशी खिडकीकडे होती. पलंगावर ती होती, आणि पलंग फिरवलेला होता.

ती तशीच उठली आणि कामाच्या खोलीत गेली. कापायची पाती घेऊन बाहुलीघरातला ओटा सुटतो का बघू लागली. हवं तसं हलव, वहिनी, म्हणाली, पण या छोट्या घरातच हलव. ओटा सुटला नाही, फडताळाचा टवका निघाला. पाती वाकली. स्वतःच्या हाताच्या सफाईचा इतका राग तिला उभ्या जन्मात आला नव्हता. शेवटी तिने कपाटावरचा डबा खाली घेतला. पलंग तरी परत देऊ.

झाकण घट्ट होतं. डबा रिकामा होता.

"आत्या!" चिमणी धावत आली आणि तिच्या कमरेला मिठी मारली. पहिल्यांदाच. "बाबांचा फोन आलाय. मी सांगितलं त्यांना, मला वसतिगृहात नाही जायचं. मला इथेच राहायचंय. कायम."

फोनवर दादा रडत होता की हसत होता, कळत नव्हतं. "अगं, काय जादू केलीस तू? पूर्वीसारखी बोलली माझ्याशी. घर छान लागलंय म्हणाली. उपकार झाले बघ तुझे."

 जे हवं होतं ते मिळालं होतं. तिने फोन ठेवला, चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या केसांना गुलाबाच्या क्रीमचा वास होता.

"चिमणे... कोण म्हणालं तुला घर छान लागलंय म्हणून?"

चिमणीने तिचं बोट धरलं आणि आपल्या खोलीकडे नेलं. "तूच म्हणालीस ना, कुठेही झोपेल. मी सांगितलं आईला."

खोलीत चिमणीच्या छोट्या खाटेशेजारी निळा लाकडी पलंग होता. माणसाला झोपता येईल असा, मोठा. त्या दारातून तो आत येणं शक्य नव्हतं, उभा नाही, आडवा नाही. आत्याची नजर मापात चुकत नसे. तिच्या खिशात ऑफिसातली टेप होती. का कोण जाणे, तिने ती काढली आणि पलंगाला लावली. जन्मभराची सवय. लहान पलंगाचं माप तिला पाठ होतं. बरोबर बारापट. लांबीला, रुंदीला, पायांच्या जाडीलासुद्धा. चादर ताणून घातलेली होती, मध्ये किंचित खळगा.

उशाच्या फळीवर दातांच्या खुणा होत्या. त्याच जागी, तशाच काळ्या पडलेल्या. आत्याने त्यातल्या एका खुणेत हात घातला. चारही बोटं शेजारी शेजारी आत बसली. दाताची एक खूण, आणि तिच्यात अख्खा पंजा.

"आई रागावलीय का गं?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

"आता नाही," चिमणी म्हणाली आणि पलंगावर चढून बसली.

आत्याची नजर फळीवरून खाली सरकत गेली. सगळ्यात शेवटच्या खुणेशी थांबली. ती तेवढीच मोठी होती, पण काळी नव्हती. आतलं लाकूड पांढरंशुभ्र होतं, ओलं होतं, आणि खाली फरशीवर तळहाताएवढा निळ्या रंगाचा पोपडा पडला होता.